परसातला ट्रॅक्टर आणि घरचा पाना



मागे एका दिवाळीत माझ्या मावसभावाचा अमेरिकेतून फोन आला. तो तिकडे विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला असतो. त्याने एक जुने घर विकत घेतले आणि घराबरोबर मागच्या छपरात पडलेला एक लहानसा ट्रॅक्टरही त्याच्या पदरात पडला. म्हणाला, "दादा, इंजिन जाम झालंय. चाक हातानं हलत नाही. भंगारात घालू का?" आता मी पडलो इतिहासाचा मास्तर, मला इंजिनातले काय कळणार! पण आमच्या विहिरीवर वडिलांनी तेलाचे इंजिन बसवले होते आणि त्याच्या पायी लहानपणी माझेही हात काळे झाले होते, हे त्याला ठाऊक. मी म्हटले, "घाई करू नकोस. आधी कोणत्या सालचे आहे ते बघ." त्याने अंगावरची पत्र्याची पट्टी पुसून पाहिली. यंत्र साठ वर्षांपूर्वीचे निघाले.

पुढे जे कळले त्याने मी चकित झालो. या साठ वर्षांच्या यंत्राचे प्लग, पॉइंट, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केटे आजही टपालाने घरपोच मिळतात. दुरुस्तीचे मूळ पुस्तक मिळते. त्यात प्रत्येक स्क्रूचे चित्र आणि चित्राशेजारी त्याचा क्रमांक. आणि असली यंत्रे घरच्या घरी खोलून चालू करणारी माणसे तिकडे एक-दोन नाहीत, हजारोंनी आहेत. त्यांत निवृत्त पोस्टमन आहेत, शिक्षक आहेत, शाळकरी मुले आहेत. आपल्याकडे दहा वर्षांचा फवारणी पंप अडगळीत जातो, आणि तिकडे आजोबांचा ट्रॅक्टर नातू चालवतो! असे का व्हावे? आज या प्रश्नाचा थोडा माग काढू या.

प्रथम हे यंत्र कोणते ते सांगतो. शेतावरचा मोठा ट्रॅक्टर तुम्ही पाहता. त्याचा हा धाकटा भाऊ, गाईशेजारी वासरू दिसावे तसा. सात-आठ ते पंधरा-सोळा हॉर्सपॉवरचे एक सिलिंडरी पेट्रोल इंजिन, चार चाके, बसायला एक लोखंडी खुर्ची. पोटाखाली गवत कापायची पाती, मागे लहान नांगर किंवा कुळव, पुढे बर्फ लोटायचे फळे. इंग्रजीत त्याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. आपण परसातला ट्रॅक्टर म्हणू.

याचा जन्म बैठ्या रूपात झाला नाही. आधी तो माणसाच्या पुढे चालत असे आणि माणूस त्याच्या मुठी धरून मागून जाई, अगदी आपल्या नांगरासारखा. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात डनबार गावी बेंजामिन ग्रेव्हली नावाचा गृहस्थ होता. धंदा फोटोग्राफीचा, पण नाद बागेचा. हाताने लोटायच्या नांगराला त्याने मोटारसायकलचे जुने भाग जोडले आणि १९१६ साली या मोटार-नांगराचे पेटंट घेतले. त्याचा सुरुवातीचा नमुना एका चाकाचा होता. एकचाकी यंत्र भाजीच्या ओळींत सावरताना माणसाच्या खांद्यांची काय गत होत असेल, हे ज्यांनी डवरा धरला आहे त्यांना सांगायला नको. त्याच सुमारास मिनियापोलिसच्या बीमन कंपनीनेही असाच लहान ट्रॅक्टर बाजारात आणला. गिऱ्हाईक होते शहराजवळचे माळी. थोडी जमीन, भाजीपाल्याचे पीक, घोडा पोसणे परवडत नाही आणि मोठा ट्रॅक्टर वाफ्यांत शिरत नाही, अशी ही माणसे.

दुसरे महायुद्ध संपले आणि सगळे चित्र पालटले. सैन्यातून परतलेल्या तरुणांसाठी शहरांबाहेर घरांच्या मोठमोठ्या वसाहती उठल्या. न्यूयॉर्कजवळची लेव्हिटाउन ही त्यांतली गाजलेली वसाहत. १९४७ पासून चार-पाच वर्षांत तिथे सतरा हजारांहून जास्त घरे झाली. घरापुढे हिरवळ, आणि ती दर आठवड्याला कापलीच पाहिजे अशी अटच घातलेली. गवत खायला गाय नाही, म्हशी नाहीत, पण गवत कापायची सक्ती आहे! आपल्या शेतकऱ्याला हा प्रकार चमत्कारिक वाटेल. मलाही वाटतो. पण त्या गवतानेच या यंत्राचा धंदा वाढवला, हे खरे.

१९४६ साली इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी एल्मर पाँड आणि त्याचा मुलगा सेसिल यांनी दोन मोटारी मावतील एवढ्या घरगुती गॅरेजात लहान ट्रॅक्टर बांधायला घेतले. ते पुढे 'व्हील हॉर्स' या नावाने प्रसिद्ध झाले. दुसरीकडे इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीयंत्रांची बलाढ्य कंपनी. तिने केंटकी राज्यात लुइव्हिल येथे, जिथे युद्धकाळात विमाने तयार होत असत त्या कारखान्यात, १९४७ साली 'फार्मॉल कब' हा छोट्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणला. कब म्हणजे अस्वलाचे पिल्लू. पुढे १९६१ सालच्या हंगामासाठी त्याच घराण्यातले आणखी लहान 'कब कॅडेट' हे सात हॉर्सपॉवरचे यंत्र निघाले, आणि १९६३ साली जॉन डिअर कंपनीही '११०' क्रमांकाचा नमुना घेऊन या मैदानात उतरली.

या दोन्ही नमुन्यांत इंजिन होते कोहलर कंपनीचे. या कोहलरची हकीकत आपल्याला जवळची वाटेल. जॉन मायकेल कोहलर हा ऑस्ट्रियातून आलेला माणूस. १८७३ साली त्याने विस्कॉन्सिनमध्ये एक ओतशाळा घेतली; तिथे शेतीची अवजारे होत. दहा वर्षांनी त्याने जनावरांच्या पाण्याच्या एका ओतीव हौदाला काचेचा मुलामा दिला, खाली चार पाय लावले आणि स्नानाचा टब म्हणून विकला. मोबदल्यात एक गाय आणि चौदा कोंबड्या घेतल्या, अशी गोष्ट सांगतात. त्याच घराण्याच्या कारखान्याने पुढे १९२० च्या सुमारास वीज नसलेल्या घरांसाठी व शेतांसाठी इंजिनावर चालणारे विजेचे जनित्र काढले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही लहान बिडाची इंजिने. हौद ओतणाऱ्या हातांनीच इंजिनही ओतले म्हणा ना!

बीड हा शब्द लक्षात ठेवा. त्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, चांगल्या जाड भिंतींचा. वर्षानुवर्षे पिस्टन घासून तो झिजला, तर लेथवाल्याकडे नेऊन दहा, वीस किंवा तीस थाऊ मोठा करायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कारखान्याने हे मोठे पिस्टन पहिल्यापासूनच करून ठेवलेले होते. यंत्र झिजणार, ते माणसे पुन्हा बांधणार, हे बांधणाऱ्याने आधीच धरून चालले होते.

आता आमच्या मावसभावाच्या यंत्राकडे वळतो. धुराड्यावर झाकण नव्हते. पावसाचे आणि बर्फाचे पाणी त्यातून सिलिंडरपर्यंत गेले, रिंगा गंजल्या आणि सिलिंडरला धरून बसल्या. मी त्याला वडिलांचा उपाय सांगितला. प्लग काढ, भोकातून डिझेल आणि पातळ ऑईल एकत्र करून ओत, आणि आठ दिवस तिकडे फिरकू नकोस. अशा वेळी माणूस घाई करतो, फ्लायव्हीलवर हातोडी मारतो. मग रिंग मोडते, फ्लायव्हीलच्या पाकळ्या तुटतात, आणि दहा रुपयांच्या कामाचे हजाराचे होते. याने वाट पाहिली. नवव्या दिवशी चाक हाताने मागेपुढे केले, तेव्हा सुताएवढे हलले. संध्याकाळपर्यंत पूर्ण फिरले.

मग त्याने वरचा पत्रा काढला. आत उंदराचे घरटे! इंजिन हवेने थंड व्हायचे, त्या हवेचा रस्ताच वाळक्या गवताने बंद केलेला. हे न बघता कोणी चालू केले असते, तर अर्ध्या तासात तापून पिस्टन पुन्हा धरला असता. उंदीर विस्कॉन्सिनचा असो की वैरागचा, त्याची आवड तीच.

पुढे ठिणगी. या जुन्या इंजिनांत ठिणगीसाठी पॉइंट असतात, म्हणजे उघडमीट करणारे दोन छोटे धातूचे ठोकळे. त्यांच्यावर गंजाची साय धरते. ती अगदी बारीक पॉलिश कागदाने काढायची, कोऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने पुसायचे, आणि दोघांतले अंतर फिलर गेजने वीस थाऊ ठेवायचे. एवढ्या कामाला ना संगणक लागतो ना प्रयोगशाळा. प्लग बाहेर काढून लोखंडाला टेकवला आणि चाक फिरवले, की निळी ठिणगी डोळ्यांनी दिसते. मात्र हे करताना सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे आणि प्लगचे भोक तोंडासमोर नसावे.

कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर बसला होता. त्याचे बारीक भोक तारेने कोरायचे नसते. तार भोक मोठे करते आणि मग इंजिन कायमचे पेट्रोल पिऊ लागते. भाग बुडवून ठेवायचा आणि हवेने फुंकायचा. इथे आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आता आपल्या पेट्रोलातही वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. इथेनॉल हवेतली ओल ओढते आणि जुन्या यंत्रांतले रबर मऊ करते. म्हणून तणनाशक फवारायचा पंप असो की पॉवर वीडर, हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे.

आणि ऑईल! या इंजिनांत ऑईलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक लहान पळी असते. ती प्रत्येक फेऱ्याला खालच्या ऑईलमध्ये बुडते आणि ते वर उडवते. ऑईल बोटभर कमी झाले की पळी कोरडी फिरते, रॉड तापून दांड्याला चिकटतो, आणि मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वेगाने मोडून बिडाला भगदाड पाडतो. अशा रीतीने मेलेली इंजिने झिजून मेलेल्या इंजिनांपेक्षा कमी नसावीत, असा माझा अंदाज आहे.

आता मूळ प्रश्न. चांगले बीड आणि सोपी रचना एवढ्याने यंत्र साठ वर्षे जगत नाही. त्याला ओळखणारे हात लागतात. ते हात तिकडे कोठून आले?

थोडे मागे जावे लागते. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डची 'मॉडेल टी' मोटार दीड कोटीहून जास्त संख्येने निघाली. तिच्यातली पुष्कळशी खेड्यांत गेली, आणि तिथे कोसावर मिस्त्री नव्हता. बापाने उघडली, मुलाने दिवा धरला, अशी एक पिढीच्या पिढी मोटारीखाली लोळून शिकली. दुसरी गोष्ट टपालाची. सिअर्स-रोबक या पेढीची जाडजूड यादी घरोघर जाई. तिच्यातून बी-बियाणे, कपडे आणि 'डेव्हिड ब्रॅडली' नावाचे हातट्रॅक्टरही मागवता येत. यंत्र खोक्यातून आले की जोडायचे कोणी? ज्याने मागवले त्याने. सोबत पुस्तिका येई, तीवरून.

तिसरी गोष्ट शाळेची, आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनी ही विशेष ऐकावी. १९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला. या कायद्याने माध्यमिक शाळांत शेतीचे व्यावसायिक शिक्षण देण्यासाठी मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळू लागला. अट अशी की मुलाने वर्षातले निदान सहा महिने देखरेखीखाली शेतावर प्रत्यक्ष काम केले पाहिजे. शेतीच्या मास्तरांबरोबर शाळेत कार्यशाळाही आली. तिथे डाग देणे, पाती धार लावणे, इंजिन खोलणे शिकवले जाई. चाळीसच्या दशकात '४-एच' या ग्रामीण मुलामुलींच्या मंडळांनी ट्रॅक्टरची निगा हा विषयच घेतला. तेव्हा १९६० साली जो नोकरदार आपल्या परसात लहान ट्रॅक्टर घेत होता, तो बहुधा अशा शाळेतून गेलेला किंवा अशा बापाचा मुलगा होता. कारखानदारालाही हे माहीत होते, म्हणून तो पुस्तकात प्रत्येक स्क्रू दाखवी. गिऱ्हाईक अडाणी नाही, असे समजून यंत्र बांधले गेले होते.

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे अवजाराची निगा ही एका घराची नव्हती, गावाची होती. सुतार आणि लोहार हे बलुतेदारांतल्या थोरल्या ओळीतले. फाळ बोथट झाला तर लोहाराच्या भात्यापाशी न्यायचा, इसाड मोडले तर सुताराकडे. पैसे नाहीत, खळ्यावर धान्याचा वाटा. ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली आणि तिने नांगर कधी बंद पडू दिला नाही, हे तिचे श्रेय द्यायला हवे. पण तिने एक गोष्ट केली. हाताचे ज्ञान जातीत कोंडून ठेवले. कुणब्याने ऐरणीला हात लावायचा नाही, आणि लोहाराच्या पोराने शाळेची पायरी चढायची नाही. मग लोखंडी नांगर आला, इंजिन आले, तेव्हा ते समजून घेणारा हात शेतकऱ्याच्या घरात तयारच नव्हता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना हा अनुभव फार लवकर आला. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे लोक म्हणत आणि नांगर पडून राहत. १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना वसवला. पुढे ती किर्लोस्करवाडी झाली. नांगर पटला, खपला, पुढे चरक आले, पंप आले. पण जिथे यंत्र गेले तिथे दुरुस्तीची शाळाही गेली असे मात्र झाले नाही. तिची जागा तालुक्याच्या बाजारातल्या मिस्त्रीने घेतली.

त्या मिस्त्रीची एक आठवण सांगतो. मी नववीत असेन. उन्हाळी कांदा शेतात, आणि आमचे इंजिन बंद पडले. डिझेल संपल्यावर पुन्हा भरले, तरी सुरू होईना. वडिलांनी हँडल मारून मारून हात सुजवले. मिस्त्री चौथ्या दिवशी आला. तोवर बांधाकडचे चार वाफे माना टाकून बसले होते. त्याने इंजिनाकडे पाहिले आणि वडिलांना म्हणाला, "काका, जरा चहाचं बघा." वडील घराकडे वळले. मी तिथेच होतो. पोरटे म्हणून त्याने मला मोजले नाही. त्याने डिझेलच्या नळीचा एक नट अर्धा फेरा सैल केला, बुडबुडे निघू दिले, सरळ धार आल्यावर नट आवळला. झाले. इंजिन दुसऱ्या हँडलला सुरू! नळीत हवा शिरली होती, एवढाच काय तो रोग. चहा येईपर्यंत मिस्त्री हात पुसून बसला होता आणि त्याने भला मोठा बिघाड सांगून पैसे घेतले. मी रात्री वडिलांना सगळे सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचंही पोट त्या नटावर आहे." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून चौदा-पंधराचा पाना आणला.

मिस्त्री चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ज्ञान सांगितले तर गिऱ्हाईक जाते, ही भीती त्याची एकट्याची नाही. आज तीच भीती फार मोठ्या कंपन्यांना आहे. परसातल्या ट्रॅक्टरचे राहू द्या. शेतावरच्या नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत आता संगणक बसलेला असतो. बिघाड झाला की पडद्यावर एक आकडा उमटतो, आणि त्याचा अर्थ लावायची किल्ली अधिकृत विक्रेत्याकडे. भाग बदलला तरी संगणकाने तो मान्य करेपर्यंत यंत्र हलत नाही. सुगीच्या दिवसांत माणूस वाट पाहत बसतो. पूर्वी नटाआड लपवायचे, आता आकड्याआड लपवतात, इतकाच फरक. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी यावर बरीच वर्षे ओरड केली. कोलोरॅडो राज्याने २०२३ च्या एप्रिलात शेतीयंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला; तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. निर्मात्याने पुस्तके, भाग, हत्यारे आणि संगणकाची किल्लीही शेतकऱ्याला रास्त किमतीत दिली पाहिजे, असे तो सांगतो. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या मध्यवर्ती व्यापार आयोगाने आणि दोन राज्यांनी जॉन डिअर कंपनीवर याच कारणासाठी खटला भरला. साठ वर्षांपूर्वी जिने प्रत्येक स्क्रूचे चित्र छापून दिले, त्याच कंपनीवर! इतिहासाच्या माणसाला अशा गोष्टींची नोंद घ्यावीच लागते.

जुने ते सगळे सोने असे मात्र समजू नका. त्या जुन्या ट्रॅक्टरांवरून माणूस पडला तरी पाती फिरतच राहत, कारण खुर्चीखाली बंद करणारे बटण नसे. मागून ढकलायच्या गवतकापणी यंत्राची मूठ सोडली की पाते तीन सेकंदांत थांबलेच पाहिजे, असा नियम अमेरिकेत १९८२ साली लागू झाला, तोवर पुष्कळांची बोटे गेली होती. म्हणून जुन्या यंत्राला हात लावण्यापूर्वी प्लगची वायर काढून बाजूला बांधायची, आणि बंद खोलीत इंजिन कधी चालवायचे नाही. त्या धुराने माणूस झोपेतच जातो. सगळे सुटे भाग मिळतात असेही नाही. व्हील हॉर्स १९७४ साली अमेरिकन मोटर्सने आणि १९८६ साली टोरोने घेतली, कब कॅडेटचा धंदा १९८१ साली एमटीडीकडे गेला. अशा हातबदलात काही भागांचे साचे बंद पडतात. मग हौशी मंडळी दोन मेलेल्या यंत्रांचे एक जिवंत करतात.

आमच्या मावसभावाचे यंत्र बर्फ वितळल्यावर, आपल्या पाडव्याच्या आगेमागे चालू झाले. आधी खोकले, मग पांढरा धूर, मग काळा, मग टक्-टक्-टक् असा नेमका ठेका. मागच्या बाजूने थोडे ऑईल गळते. त्याची सील त्याने पुस्तकातल्या क्रमांकावरून मागवली आहे. त्याने फोन इंजिनाजवळ धरून मला आवाज ऐकवला. वडील शेजारीच ओसरीवर बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येते, म्हणून मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि विचारले,

"ऑईल बघितलंय का त्यानं?"